राजदूत : एका फटफटीचा इतिहास

पवनीचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी आपोआप जगन्नाथ टेकडीकडे वळते. 1969-70 च्या उत्खननात तेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आणि वैनगंगेकाठचे आमचे गाव विद्वानांच्या नकाशावर आले. वर्गात मुलांना आम्हीही तेच शिकवतो. पण इतिहास काय फक्त दगडमातीचाच असतो? लोखंडाचाही असतो. आमच्या अंगणात, कवेलूंच्या छपरीखाली, असा एक लोखंडी दस्तऐवज चौदा वर्षे उभा होता. अब्बांची राजदूत.

अब्बाही उर्दू शाळेचे शिक्षक. 1984 साली त्यांनी ही गाडी घेतली. ते गेले आणि गाडी थांबली. कोंबड्या तिच्या सीटवर बसू लागल्या. भंगारवाला दर दिवाळीला भाव सांगून जाई, आणि अम्मी दर दिवाळीला त्याला पाणी पाजून परत पाठवीत.

राजदूत हे नाव संस्कृत, जन्म फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यातला, पण मूळ पाहू जाता ते पोलंडचे. तेथील किएल्त्से शहरात बनणाऱ्या ‘एसएचएल एम 11’ या मोटारसायकलीचा आराखडा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आला. तो काळ परवान्यांचा आणि परकीय चलनाच्या टंचाईचा. तयार गाड्या बाहेरून आणणे परवडणारे नव्हते. म्हणून आराखडा आणायचा आणि गाडी इथे घडवायची. म्हैसूरची जावा चेकोस्लोव्हाकियाची, मद्रासची बुलेट इंग्लंडची, आणि आमची राजदूत पोलंडची. तिघींची माहेरे युरोपात! धर्मेंद्रने राजदूतच्या जाहिराती केल्या. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटाने तिची धाकटी बहीण तरुणांत इतकी गाजवली की त्या गाडीला लोक ‘बॉबी’च म्हणू लागले. आमच्या भागात मात्र राजदूत म्हणजे मास्तरांची, ग्रामसेवकाची, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेल्या दूधवाल्याची गाडी. अड्याळ, कोंढा, आसगावचे रस्ते तिने खड्ड्यांसकट पाठ केले होते.

तिच्यात फार काही नाही, हेच तिचे बळ. 173 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, पेट्रोलमध्येच मिसळायचे तेल. टू-स्ट्रोकला झडपा नसतात. पिस्टनच खालीवर होताना वाटा उघडतो आणि बंद करतो. त्यामुळे हलणारे भाग थोडे, आणि थोडे भाग म्हणजे थोडी भीती. याच साधेपणापायी ती धूर फार ओकते आणि पेट्रोलही जास्त पिते. 1985 मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली, पुढे धुराचे नियम कडक झाले आणि राजदूतचे दिवस भरले.

आमच्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. मिस्त्रीचाचांनी स्पार्क प्लग काढून आत रॉकेल व तेल ओतले आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. “जबरदस्ती मत करो मास्टर, वो खुद छोडेगा.” नवव्या दिवशी त्याने सोडला. लेथवर बोअर वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. रिंगा, क्लच प्लेटा आणि केबल नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून मिळाल्या. सायलेंसर आगीत जाळला, तेव्हा आतला काळा कार्बन पापुद्र्यांनी गळून पडला. आम्ही भाषेचे शिक्षक, त्यामुळे आमचे लक्ष पान्यांपेक्षा शब्दांकडे जास्त. दुरुस्ती आणि उस्ताद फारसीतले, मरम्मत अरबीतून आलेली, आणि मिस्त्री हा पोर्तुगीज! एवढ्या भाषा एका फाटक्या गोणपाटावर बसून काम करीत होत्या.

तीन आठवड्यांत गाडी फटफटू लागली. कागदाला मात्र वर्ष लागले, आणि दोष आमचाच. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आम्ही आळस केला. दुचाकीचे नूतनीकरण शुल्क 300 रुपये होते, ते 1 एप्रिल 2022 पासून 1000 झाले आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरील दुचाकींसाठी 2000. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हिंटेज’ची वेगळी नोंदणी आहे, पण ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. आमची तर तेवढी म्हातारीही नाही. तिचा नंबर ‘एमएच 36’ येण्यापूर्वीचा. जाड रजिस्टरातली ती नोंद आधी संगणकात यायला हवी होती. चासीवरचा आकडा गंजाखाली गेला होता. मिस्त्रीचाचांनी रॉकेलने पुसून वर खडू घासला, तेव्हा एकेक अंक पांढरा होऊन वर आला. पुस्तकाशी जुळला.

उरला मालकाचा प्रश्न. मालक मरण पावल्यावर वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी फॉर्म 31 भरावा लागतो. त्यावर वारसांची संमती हवी. अम्मींनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, “याने उनका नाम निकाल देंगे?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. तो कागद दोन महिने कपाटात पडून राहिला.

मग अम्मींनी एका शुक्रवारी स्वतःच सही केली. जुने पुस्तक कार्यालयात जमा करायचे होते. त्याआधी त्याची झेरॉक्स काढून घेतली. ती आता त्यांच्या पेटीत, निकाहनाम्याच्या घडीत आहे. नवे कार्ड आले तेव्हा चष्मा लावून त्यांनी ते वाचले. मालकाच्या रकान्यात आमचे नाव होते. त्याखाली, वडिलांच्या रकान्यात, अब्बांचे.