सातबाराचे आकडे आले कुठून?

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये भोगवटादार, क्षेत्र, आकारणी आणि इतर हक्क, बारामध्ये पिके. पुसेगावच्या (ता. सेनगाव, जि. हिंगोली) शिवारात सोयाबीन पेरले की हळद लावली, हे बारा सांगतो.

हे दोन आकडे कायद्याची कलमे आहेत, असे सर्रास सांगितले जाते. ते टिकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 7 जिल्ह्यातल्या महसूल अधिकाऱ्यांविषयी आहे. अधिकार अभिलेखात, म्हणजे हक्कनोंदीत, काय असावे, ते कलम 148 सांगते. तो तयार कसा करायचा आणि राखायचा कसा, याचा तपशील 1971 च्या नियमांत आहे. मग आकडे त्या नियमांनी दिले असतील? तेही नाही, आणि याचा साक्षीदार गुजरात. गुजरात 1960 मध्ये वेगळा झाला. तिथे ही संहिता कधी लागूच नव्हती, तरी तिथल्या शेतकऱ्याकडे सातबारा आहे, आठ-अ आहे, फेरफाराचा नमुना सहाही आहे. अर्थात आकडे दोघांच्या सामाईक वाडवडिलांचे, म्हणजे मुंबई इलाख्याचे. तिथे हक्कनोंदीचा कायदा 1903 मध्ये आला आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. गावदप्तराच्या नमुन्यांना अनुक्रमांक मिळाले ते मात्र अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबाच्या पुस्तिकेत. कायदा, नियम आणि त्याखाली पुस्तिका. लोकांच्या तोंडी बसली ती सर्वांत खालची पायरी.

पुसेगाव तर मुंबई इलाख्यात कधीच नव्हते. निजामी राज्यात 1317 फसलीचा (फसली म्हणजे तिथला महसुली सन) महसूल कायदा होता. हक्कनोंदीचा कायदा 1358 फसलीत आला, आणि त्याआधारे 1954 च्या सुमारास खासरा पाहणी पत्रक तयार झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुंबईचे आकडे इथल्या दप्तरात शिरले ते त्यानंतरच, असेच मानावे लागते.

संहितेच्या कलम 157 प्रमाणे सातबारावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. पण इथे सातबारा उशिरा आला, म्हणून जुना वाद असेल तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने नुसत्या सातबारावर विसंबू नये. तहसिलातून 1954 च्या खासरा पत्रकाची नक्कलही काढावी.