सामायिक वही आणि अनेक हात

गडचिरोलीच्या रानांत उन्हाळ्यांत तेंदूपानें गोळा होतात आणि 70 पानांचें एक याप्रमाणें पुडकीं मोजून वहींत मांडलीं जातात. लिहिणारा दिवाणजी एकच असेल तर हिशेब चुकत नाहीं. पण रांग लांबते. त्याच पानावर चौघे एकदम लिहूं लागले, तर एकाची बेरीज दुसरा पुसून टाकील. संगणकाच्या अलीकडील इतिहासांतील एक मोठा पेच नेमका हाच आहे.

एका यंत्रांत अनेक प्रोसेसर बसवून त्यांस एकच स्मृति दिली, म्हणजे लिहिणाऱ्यानें तिला कुलूप लावावें, ही जुनी रीत. कुलुपें वाढलीं कीं सारेच एकमेकांची वाट पाहत बसतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें, 1988 सालीं स्थापन झाल्यावर, निराळा मार्ग धरला. अकोला जिल्ह्यांत जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं 1991 सालीं सिद्ध झालेल्या ‘परम 8000’ मध्यें प्रत्येक प्रोसेसरास स्वतःची स्मृति होती व ते परस्परांस निरोप धाडीत. जणूं प्रत्येक दिवाणजीस स्वतंत्र वही! मात्र निरोपांची सारी जुळणी आज्ञावली लिहिणाऱ्यावर पडली.

1993 सालीं मॉरिस हर्लिही व एलियट मॉस यांनीं तिसरा मार्ग सुचविला. कुलूप नकोच, प्रत्येकानें आपला व्यवहार कच्च्या कागदावर पुरा करावा, दरम्यान मूळ नोंद बदलली नसेल तर तो एकदम वहींत चढवावा, बदलली असल्यास कागद फाडून पुन्हां आरंभ करावा. 1995 सालीं निर शावित व डॅन तुइतू यांनीं हेंच कार्य विशेष यंत्रभागांवांचून, केवळ आज्ञावलीच्या बळावर साधण्याची पद्धति मांडली.

कल्पना सुंदर, पण तिची किंमत लवकरच कळली. प्रत्येक वाचनाची नोंद ठेवावी लागते, ती पुन्हां पडताळावी लागते. 2006 सालच्या एका प्रसिद्ध पद्धतींत सर्वांस एक सामायिक घड्याळ पाहावें लागे. मोठ्या यंत्रांत तें घड्याळच गर्दीचें ठिकाण होऊं शकतें. ही केवळ संशोधकांची खेळणी तर नव्हे, असा प्रश्न 2008 सालीं विचारला गेला. 2011 सालीं दुसऱ्या अभ्यासकांनीं प्रयोगांतीं उत्तर दिलें कीं, हात पुरेसे असल्यास बहुतेक कामांत लाभ होतो.

आजचे महासंगणक दोन्ही रीती वापरतात: एका खणांत सामायिक स्मृति, खणाखणांत निरोप. आम्हांस यांतून एवढेंच दिसतें कीं, वांटून घेणें कधींच फुकट नसतें. त्याचा भार यंत्रानें उचलावा कीं माणसानें, एवढेंच ठरविणें आपल्या हातीं असतें.