उंबरठ्याच्या आंतली तपासणी

शाळेची किंवा इस्पितळाची तपासणी करणें हें काम कंटाळवाणें असेल, पण तें फारसें अवघड नव्हे. इमारत ठरलेली असते, खाटा मोजलेल्या असतात, वह्या मांडून ठेवलेल्या असतात. तपासनीस आला म्हणजे दार उघडावेंच लागतें. परंतु एखाद्या दुबळ्या जीवाची शुश्रूषा जेव्हां कोणाच्या घरीं चाललेली असते, तेव्हां ती नीट होते कीं नाहीं हें कोणी पाहावें आणि कसें पाहावें? घर म्हटलें कीं तें खासगी. तेथें परक्यानें डोकावणें हें शिष्टाचारास सोडून आहे असें आपण सर्वच मानतों. आणि नेमक्या ह्याच शिष्टाचाराच्या आडोशास पुष्कळ हाल झांकून राहतात. वृद्ध, अपंग व मनोरुग्ण ह्यांना मोठ्या संस्थांत न कोंडतां घरीं ठेवून मदत पुरवावी, असा विचार आज अनेक देशांत रूढ झाला आहे. त्याबरोबर हा जुना प्रश्नहि नव्यानें पुढें आला आहे. तो सोडविण्याचा एक मोठा प्रयत्न १८५७ नंतर स्कॉटलंडांत झाला. त्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडांत वेड्यांसाठीं राजाची सनद मिळालेलीं सात इस्पितळें होतीं. त्यांतील सर्वांत जुनें माँट्रोझ येथील, १७८१ सालीं स्थापन झालेलें. ह्यांपैकीं कित्येकांची कीर्ति चांगली होती. पण गरिबांच्या संख्येच्या मानानें तेथें जागा थोड्या. उरलेले रुग्ण नफ्यासाठीं चालविलेल्या खासगी वेडगृहांत, गरीबखान्यांत, नाहीं तर आपल्या नातेवाइकांकडे किंवा पॅरिशनें थोडें वेतन देऊन ठरविलेल्या कोणा शेतकऱ्याच्या घरीं राहत. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील गांवांचा समूह. तेथील गरिबांच्या पोषणाचा भार त्या हद्दींतील लोकांवर असे. साहजिकच जो कोणी रुग्णास सर्वांत स्वस्तांत ठेवून घेईल तो पॅरिशला प्रिय होई.

अमेरिकेंतील वेड्यांच्या इस्पितळांच्या सुधारणेसाठीं जिनें आपलें आयुष्य वेंचलें त्या डॉरोथिया डिक्सबाई १८५५ च्या आरंभीं एडिंबरो येथें आल्या व त्यांनीं जवळच मसलबरो गांवचीं खासगी वेडगृहें पाहिलीं. जें दिसलें त्यानें त्या इतक्या अस्वस्थ झाल्या कीं, स्थानिक अधिकाऱ्यांकडे अर्ज करीत न बसतां त्यांनीं रात्रीच्या गाडीनें तडक लंडन गांठलें आणि गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे ह्यांची भेट घेतली. त्याच वर्षीं राजाज्ञेनें एक चौकशीमंडळ नेमलें गेलें. परदेशांतून आलेल्या एका स्त्रीनें आपल्या घरची घाण चव्हाट्यावर आणावी ह्याचा कित्येक स्कॉच गृहस्थांस राग आला; पण १८५७ सालीं मंडळाचा वृत्तांत बाहेर पडला तेव्हां राग गिळून मान खालीं घालण्याची वेळ आली. खासगी वेडगृहांइतकेच, किंबहुना कांहीं ठिकाणीं त्यांहूनहि अधिक हाल साध्या घरांतून निघाले. खांबास बांधलेलीं माणसें, गवतावर उघडीं पडलेलीं माणसें, गोठ्याशेजारच्या अंधाऱ्या खोपटांत वर्षानुवर्षें कोंडलेलीं माणसें. आणि तीं तेथें आहेत हें सरकारांत कोणासहि नीट ठाऊक नव्हतें.

त्याच वर्षीं कायदा होऊन एडिंबरो येथें एक सरकारी मंडळ स्थापन झालें. डॉ. ब्राऊन व डॉ. कॉक्स हे त्याचे वेतन घेणारे वैद्यक सभासद. त्यांच्या हाताखालीं दोन उपतपासनीस नेमण्यांत आले. घरोघरीं राहणारा प्रत्येक रुग्ण शोधून काढून त्यास प्रत्यक्ष पाहावें, हें ह्या उपतपासनिसांचें मुख्य काम. त्यांतील एक डॉ. आर्थर मिचेल हे ह्या लेखाचे खरे नायक होत.

एवढे हाल उघडकीस आल्यावर मंडळापुढें सोपा मार्ग हा होता कीं सगळ्यांस घरांतून उचलून इस्पितळांत भरावें. पुष्कळांना तोच सुचला. परंतु बेल्जममधील घेल गांवचें उदाहरण त्या काळच्या वैद्यांस ठाऊक होतें. तेथें मध्ययुगापासून वेड्यांस कुटुंबांत ठेवून घेण्याची रीत चालत आलेली होती व १८५० मध्यें बेल्जम सरकारनें तिच्यावर आपली देखरेख बसविली होती. गांवाचे विभाग पाडून प्रत्येक विभागास एक वैद्य व घरोघरीं फिरणारा एक रखवालदार नेमून दिलेला होता. मिचेल ह्यांचा अनुभवहि त्याच दिशेचा होता. वाईट घरांबरोबर त्यांनीं अशीं घरेंहि पाहिलीं कीं जेथें रुग्ण मुलांशीं खेळे, गुरें वळी, कुटुंबाच्या सुखदुःखांत भागीदार होई. तेव्हां दोष घरांत राहण्याचा नसून, कोणाचें लक्ष नसण्याचा आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. १८६४ सालीं त्यांनीं खासगी घरांत राहणाऱ्या वेड्यांविषयीं एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केलें. घरांतली शुश्रूषा टिकवावयाची असेल तर तिची तपासणी केलीच पाहिजे, हा त्याचा मथितार्थ होय.

मिचेल ह्यांचा प्रवास वाचतांना मन थक्क होतें. हायलंडचे डोंगर, पश्चिमेकडील बेटें, उत्तरेकडील शेटलंड. कोठें घोड्यावर, कोठें होडींतून, कोठें पायीं. लॉक मरी नांवाच्या सरोवरांतील बेटाभोंवतीं वेड्या माणसास दोरानें होडीच्या मागें बांधून पाण्यांतून ओढीत नेण्याची व मग तेथील विहिरीचें पाणी पाजण्याची जुनी चाल त्यांनीं नमूद करून ठेवली आहे. अशा मुलुखांत केवळ कायद्याचा कागद दाखवून भागत नसे. घरधनिणीशीं बोलावें, चुलीपाशीं बसावें, तिची अडचण समजून घ्यावी, तेव्हां कोठें आंतल्या अंधाऱ्या कोपऱ्याचें दार उघडे.

पुढें जी व्यवस्था बसली ती तिपेडी होती. पॅरिशचा वैद्य दर तीन महिन्यांनीं, पॅरिशचा गरीबखात्याचा अधिकारी वर्षांतून दोनदां व मंडळाचा उपतपासनीस सामान्यतः वर्षांतून एकदां घरीं येई. एका घरांत किती रुग्ण ठेवावे ह्यास मर्यादा होती. खास परवान्यानेंहि चारांहून अधिक ठेवतां येत नसत, नाहीं तर घराचें इस्पितळ व्हावयाचें. कपडे, अंथरूण व पांघरूण पुरविण्याविषयीं मंडळ पॅरिशच्या सारखें पाठीस लागे. जेथें सुधारणा होईना तेथून रुग्ण हलविला जाई.

परंतु चांगलें घर कोणतें आणि वाईट कोणतें हें ठरवावें कशावरून? ह्या ठिकाणीं मिचेल ह्यांची दृष्टि आम्हांस विशेष मोलाची वाटते. एडिंबरोच्या दिवाणखान्याचें माप हायलंडच्या झोंपडीस लावण्याचें त्यांनीं नाकारलें. रुग्णाचें अंथरूण घरांतील इतर माणसांच्या अंथरुणासारखें आहे काय? तो सर्वांबरोबर एकाच ठिकाणीं जेवतो काय? जमीन मातीची असेल, छप्पर धुरानें काळें झालें असेल. पण घरच्या लेंकरांस जें मिळतें तें जर त्यास मिळत असेल तर तें घर चांगलें. उलट घर नीटनेटकें असून रुग्णाची जागा मात्र वेगळी, मागल्या बाजूस, असेल तर तें घर वाईट. पुढें १८८० सालीं ह्याच गृहस्थांनीं स्कॉटलंडांतील जुन्या चालीरीतींवर एक विख्यात ग्रंथ लिहिला. हातानें घडविलेलीं ओबडधोबड मातीचीं भांडीं, सूत कांतण्याच्या चात्या, दगडी झोंपड्या असल्या वस्तु आपल्या फिरतींत पाहून त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, साधनें ओबडधोबड असलीं म्हणून तीं वापरणारा माणूस ओबडधोबड ठरत नाहीं. तपासणीच्या वहींतून शिकलेलाच हा धडा होय असें आम्हांस वाटतें.

ह्या व्यवस्थेंत उणिवा नव्हत्या असें नाहीं. नातेवाइकांच्या हातीं दिलेला रुग्ण सुखांत असेल ही समजूत बरेच वेळां खोटी ठरली. पुष्कळदां परक्या विधवेच्या घरीं तो अधिक बरा राही. फाइफ परगण्यांतील केनोवे, अरन बेट अशा कांहीं ठिकाणीं रुग्ण ठेवून घेणें हा जणूं गांवचा धंदाच झाला, आणि गर्दी वाढली कीं घरपण ओसरूं लागे. रुग्णाकडून कामें किती करून घ्यावींत ह्याची सीमा सदैव धूसर राहिली. शिवाय वर्षांतून एकदां येणाऱ्या पाहुण्यास उरलेले तीनशें चौसष्ट दिवस कसे दिसणार? आणि ह्या सर्व वृत्तांतांतून तपासनिसाचा आवाज जितका ऐकूं येतो तितका रुग्णाचा स्वतःचा येत नाहीं, ही उणीव तर आज अधिकच बोंचते. इतकें असूनहि शतकाच्या अखेरीस सरकारी खर्चानें पोसल्या जाणाऱ्या रुग्णांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा घरांतून राहत होता. देखरेख नसती तर तो तसा राहूं दिलाच गेला नसता.

त्या मंडळाचें नांव १९१३ च्या कायद्यानें बदललें, व १९६० च्या कायद्यानें त्याची जागा नव्या आयोगानें घेतली. २०११ पासून स्कॉटलंडांत घरपोच शुश्रूषेची तपासणी करण्यास वेगळी संस्था आहे. इंग्लंडांतील तसली संस्था २००९ पासून काम करूं लागली. पण प्रश्न तोच राहिला आहे, नव्हे थोडा बिकटच झाला आहे. ज्यास आधार देऊन स्वतःच्या भाड्याच्या घरांत राहूं दिलें आहे, त्याच्या घराचा ताबा त्याचा. तेथें तपासनिसानेंहि त्याची अनुमति घेऊनच पाऊल टाकावयाचें. हें योग्यच आहे. परंतु ज्याला बोलतां येत नाहीं, किंवा जो आपल्याच शुश्रूषकास भितो, त्याची अनुमति कशी समजावी? इंग्लंडांत वृद्धांच्या घरपोच शुश्रूषेची जी मोठी चौकशी २०११ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्यांतहि हें दिसून आलें कीं, हाल सोसणारीं कित्येक म्हातारीं माणसें तक्रार करण्यास धजत नाहींत. जो माणूस आपणांस आंघोळ घालतो त्याच्याविरुद्ध बोलावयाचें कसें?

आपल्याकडे १८५८ च्या कायद्यानें वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेखीसाठीं दर्शक नेमण्याची तरतूद केली. घराची मात्र गोष्ट निराळी राहिली. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा पुष्कळ बाबतींत उदार आहे. तथापि ज्या संस्थांची नोंद व तपासणी व्हावयाची त्यांच्या व्याख्येंतून, रुग्ण जेथें आपल्या नातेवाइकांसह वा मित्रांसह राहतो तें कौटुंबिक घर वगळलेलें आहे. कायदेकारांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रत्येक घराच्या दारांत सरकारी माणूस उभा करावा असें आम्हांसहि वाटत नाहीं. पण आज आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत मुलें परगांवीं आणि आईबाप पगारी माणसाच्या हवालीं, ही स्थिति नवलाची राहिलेली नाहीं. अशा वेळीं मिचेल ह्यांचे दोन साधे प्रश्न आपणच आपल्या घरास विचारण्यास काय हरकत आहे? म्हाताऱ्या आईचें अंथरूण आपल्या अंथरुणासारखें आहे काय? ती जेवते तेव्हां जवळ कोणी बसतें काय? सरकारी तपासनीस आपल्या घरीं येणार नाहीं. शेजारीण, मावशी, जुना कुटुंबवैद्य ह्यांपैकीं कोणी अवचित आलें आणि आंतल्या खोलीपर्यंत गेलें, तर त्यांस शिष्टाचाराच्या नांवाखालीं ओसरीवर थांबवूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.