तुम्ही विचारणाऱ्या कोण?

मी लिंबागणेशहून बोलतेय.

मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळची गोष्ट. आमच्या भागातल्या एका गावात बचत गटाच्या बायांनी वहीच्या पानावर पाच प्रश्न लिहिले आणि सगळ्या उमेदवारांच्या घरी नेऊन दिले. टँकर आला तर कोणत्या वस्तीवर आधी जाणार? ऊसतोडीला गेलेल्या घरांची लेकरं गावात राहिली तर त्यांची सोय काय? ग्रामसभेचं इतिवृत्त आम्हाला वाचायला मिळेल का? असे साधे प्रश्न होते. एका उमेदवाराने कागद न उघडताच परत दिला. म्हणाला, "तुम्ही विचारणाऱ्या कोण? मत द्यायचं तर द्या, नाहीतर राहू द्या." बाया गपचूप परत आल्या. त्या गटाची समन्वयक मी, पण मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही. बी.ए.ला इतिहास होता माझा, तरी सुचलं नाही. नंतर शोधत बसले, ते आज सांगते.

आपला बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गावचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात वंशाने चालत यायचा. तिथे उमेदवारच नव्हता, मग त्याला विचारणार काय? 1952 साली सगळ्यांना मत मिळालं, बाईला आणि पुरुषाला एकदमच. पण त्या पहिल्या मतदार यादीची एक हकीकत मला फार लागली. उत्तरेकडच्या राज्यांत अनेक बायांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद घ्यायला नकार दिला आणि सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून गेली. हे लक्षात ठेवा, पुढे परत इथेच यायचंय.

त्यानंतर कितीतरी वर्षं उमेदवाराची माहिती म्हणजे त्याचं गाजलेलं नाव. 1967 मध्ये बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं. माणूस साताऱ्याकडचा, पण प्रतिसरकारचं त्यांचं काम सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. असं नाव सगळ्यांचं कुठे असतं? बाकीच्यांची माहिती पारावर जेवढी कळेल तेवढीच. आणि पारावर बाई बसत नाही.

खरा बदल मजुरांनी आणला. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या. पंचायतीची हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची आणि विचारायचं, हा बांध कुठे आहे, या माणसाला मजुरी मिळाली का? कागदावर नाव असलेला माणूस उभा राहून सांगायचा, मी कामावर गेलोच नव्हतो. 1996 मध्ये ब्यावरला ते कागद मागण्यासाठी चाळीस दिवस धरणं धरलं. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, म्हणजे मत मागणाऱ्यांनाही ते चुकवता आलं नाही. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा आला, आणि 2005 मध्ये देशाचा.

उमेदवारांचं प्रकरण मात्र कोर्टात गेलं. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी 1999 मध्ये एक संघटना काढली आणि मागणी केली की, उमेदवारावर कोणते गुन्हे आहेत, मालमत्ता किती, शिक्षण काय, हे मतदाराला कळलं पाहिजे. 2 मे 2002 ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. मग बहुतेक सगळे पक्ष, जे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, एक झाले आणि कायदा बदलून हा निकाल बोथट केला. 13 मार्च 2003 ला न्यायालयाने तो बदलच रद्द ठरवला. उमेदवाराला जाणून घेणं हा मतदाराचा घटनेतला हक्क आहे, असं तेव्हा ठरलं.

आता आपल्या ग्रामपंचायतीच्या अर्जाकडे पाहा. उमेदवाराला अपत्यं किती ते लिहावं लागतं, कारण सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर उभं राहता येत नाही. घरात शौचालय आहे आणि वापरतो, हेही सांगावं लागतं. गुन्हे आणि मालमत्ता यांची घोषणा असते. म्हणजे कायदा उमेदवाराच्या संडासापर्यंत जातो, पण टँकर कुठे रिकामा करणार ते विचारत नाही. ते आपणच विचारायचं.

पण उमेदवाराने आपल्याला उत्तर दिलंच पाहिजे, असं कायद्यात कुठेही नाही. आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं आहे, असंही मी म्हणणार नाही. लक्ष ठेवणारे म्हणवणारे कधी विरोधकाचीच माणसं असतात, कधी माहितीच्या अर्जावर पैसे उकळणारेही असतात. मुंबईत जुहूच्या नागरिकांनी 2007 मध्ये ॲडॉल्फ डिसूझा यांना स्वतःचा उमेदवार म्हणून उभं केलं आणि ते महापालिकेत निवडून आले. चांगलंच झालं. तरी ज्या गटाने स्वतःचा माणूस उभा केला, त्याने दुसऱ्यांना परीक्षकासारखे प्रश्न विचारले तर समोरचा चिडणारच. म्हणून आमच्या गटात आता ठरलंय की ज्या बाईच्या घरातलं कुणी उभं असेल तिने प्रश्न काढायला बसायचं नाही, प्रश्न सगळ्यांना तेच, आणि जे देत नाहीत त्यांच्या नावापुढे "उत्तर नाही" एवढंच लिहायचं. टोमणा नाही. आणि कुणी आमचा बचतीचा हिशोब मागितला तर वही तिथल्या तिथे उघडायची.

आता त्या 28 लाखांकडे येते. 1993 मध्ये 73वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे उत्तर देणाऱ्यांत आता आपणच निम्म्या. मी सुरुवातीला सांगितलं त्या गावात पाच प्रश्न घेऊन बाया महिला उमेदवारांच्या घरी गेल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी ओट्यावर नवरा बोलायला बसलेला. बाई आत चहा करत होती. "तिला काय विचारता, मी सांगतो ना." नाव यादीत आलं, पोस्टरवर आलं, पण उत्तर अजून अमक्याची बायको म्हणूनच. याचा दोष मी एकट्या त्या नवऱ्यांना देणार नाही. आम्हीही त्यांचंच ऐकून वहीत उतरवलं आणि निघालो.

एका घरी मात्र आमच्या गटातल्या एका म्हाताऱ्या मावशी उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "चहा नको. तिला बाहेर बोलवा, आम्ही थांबतो." बराच वेळ गेला. ती बाई पदराला हात पुसत आली, खाली बसली, कागद मागितला. तिला अक्षरं लावत वाचावं लागलं. पहिल्या चार प्रश्नांना ती "बघते" म्हणाली. टँकरच्या प्रश्नावर थांबली आणि म्हणाली, "खालच्या वस्तीवर आधी. तिथल्या बाया दुपारच्या उन्हात हंडे आणतात, मी रोज बघते." तिचा नवरा काही बोलायला लागला, तर मावशींनी हात वर केला. ते वाक्य तिच्या नावापुढे लिहून घेतलं आणि तिला सही करायला सांगितली. तिने केली, पूर्ण नावाची.