पिवळा दिवा कशामुळे लागतो?

मोटारीची किल्ली फिरवली की चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. कधी कधी मात्र तो विझत नाही, किंवा चालत्या गाडीत अचानक लागतो. गाडी तर नीट धावत असते. मग या दिव्याची तक्रार कशाबद्दल असते? पुष्कळदा ती धुराबद्दल असते. गाडीतून बाहेर पडणारे वायू मर्यादेपेक्षा अधिक दूषित झाले असावेत, असे तो सुचवतो. यातला 'असावेत' हा शब्द महत्त्वाचा आहे.

या दिव्याची कथा सुरू होते अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात. १९४३ च्या जुलैमध्ये तेथे दाट, डोळे झोंबवणारे धुरके पसरले. युद्धाचे दिवस होते; जपानने विषारी वायू सोडला अशी शंकाही काहींना आली. मग कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरके येतच राहिले.

खरे कारण १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मित या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधले. कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेत ते अननसाच्या स्वादातील रसायनांवर काम करत होते. स्वादाचे अत्यल्प अंश वेगळे करण्याचे तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन आणि इतर दाहक पदार्थ तयार होतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे नळीतून निघतो तेव्हा जो वायू डोळ्यांना दिसतही नाही, तोच पुढे उन्हात धुरके बनवतो. गुन्हेगार एक कारखाना नव्हता. लाखो मोटारी होत्या.

१९७० च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्याने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांत ९० टक्के घट मागितली. त्यातून १९७५ च्या मोटारींमध्ये उत्प्रेरक परिवर्तक आला. धुराच्या नळीत बसवलेल्या या डब्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर दिलेली चाळणीसारखी जाळी असते. पेट्रोलमधले शिसे या थराला निकामी करते, म्हणून त्याबरोबर शिसेरहित पेट्रोलही आणावे लागले.

पुढची अडचण रसायनशास्त्राची होती. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांना ऑक्सिजन द्यायचा, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून तो काढून घ्यायचा. ही दोन्ही कामे एकाच डब्यात व्हायची, तर पेट्रोलच्या १ भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग हे वजनी प्रमाण जवळजवळ अचूक राखावे लागते. ते राखण्यासाठी १९७६ मध्ये बॉश कंपनीचा ऑक्सिजन संवेदक व्होल्वोच्या मोटारीत आला. झिर्कोनियाच्या तापलेल्या पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर असतो. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या प्रमाणात फरक असला की पडद्यावर विद्युतदाब निर्माण होतो. पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. विद्युतघट शिकवताना येणारे नेर्न्स्टचे समीकरण ते हेच.

पण ही यंत्रणा बिघडली तरी गाडी चालतच राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मोटारींपासून गाडीतच निदानयंत्रणा सक्तीची केली. तिची सुधारित आवृत्ती १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. तपासणीची जोडणी आणि दोषांचे सांकेतिक क्रमांक सर्व कंपन्यांना सारखे झाले.

'पी ०४२०' हा क्रमांक घेऊ. त्याचा अर्थ, परिवर्तकाची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली आहे. पण गाडी परिवर्तकातून निघणारे वायू प्रत्यक्ष मोजत नाही. परिवर्तकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन संवेदक असतात. पुढच्याचा विद्युतदाब सतत वरखाली होतो. परिवर्तकातले सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवते आणि सोडते, त्यामुळे मागच्याचा दाब बराच स्थिर राहायला हवा. तोही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर संगणक अनुमान काढतो की साठवण संपली आहे. एकाच फेरीत असे दिसले म्हणून सहसा दिवा लागत नाही. लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तेच आढळावे लागते.

हे अनुमान चुकू शकते. धुराच्या नळीला तडा गेला आणि तेथून बाहेरची हवा आत आली, तरी मागचा संवेदक फसतो. म्हणून जाणता मेकॅनिक क्रमांक वाचून लगेच महागडा परिवर्तक बदलत नाही. आधी तो दिवा लागला त्या क्षणाची नोंद पाहतो: वेग किती, इंजिनाचे तापमान किती. दुसरे दोष नोंदले आहेत का ते तपासतो, नळीची गळती शोधतो, दोन्ही संवेदकांचे आकडे शेजारी ठेवून बघतो. परिवर्तक खरोखर निकामी झाला असेल, तर तो कशाने झाला हेही विचारतो. ठिणगी चुकल्यामुळे न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटत असेल, तर नवा परिवर्तकही भाजून निघेल. दिवा उघडझाप करू लागला तर हाच धोका समजावा आणि वेग कमी करावा. उलट 'पी ०४५५', म्हणजे पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती, दिसली तर पहिल्यांदा टाकीचे झाकण घट्ट बसले आहे का ते पाहावे.

नुसती नोंद पुसून दिवा विझवता येतो. पण त्याने दोष जात नाही, फक्त पुरावा जातो. दिवा न लागणे हाही निर्दोषपणाचा दाखला नव्हे. २०१५ मध्ये उघड झाले की फोक्सवॅगनच्या अनेक डिझेल मोटारींमधली संगणकप्रणाली चाचणी ओळखून तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ ठेवत होती. रस्त्यावर दिवा मूक होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीत उपकरणे ठेवून, प्रत्यक्ष रस्त्यावर मोजमाप केले, तेव्हा कुठे ही तफावत दिसली.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. २००० मध्ये देशभर पेट्रोल शिसेरहित झाले आणि २०१० पासून मोटारींमध्ये निदानयंत्रणा येऊ लागली. आज अनेक विद्यार्थ्यांनी हा दिवा पाहिलेला असतो. वर्गात त्यांना विचारावे: मागच्या संवेदकाचा दाब वरखाली होतो आहे; याची शक्य कारणे किती? त्यांतले एकेक बाद करायला कोणती चाचणी घ्याल? निरीक्षण आणि निष्कर्ष यांमधले अंतर समजावून द्यायला याहून हाताशी असलेले उदाहरण क्वचितच सापडेल.