कासवाची थंडी

मे महिन्यात मलकापूर स्टेशनवर उतरलात तर आधी तोंडावर गरम हवेची चापट बसते. तिथून मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्यात आलं की हवा बदलते. फार नाही, पण बदलते, आणि इथला माणूस ते तुम्हाला ऐकवल्याशिवाय राहत नाही. आमच्या जिल्ह्यात माणसांची विभागणीच मुळी ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी आहे. घाटावर हिव जास्त, घाटाखाली ऊन जास्त.

हे इंग्रजांच्या पटकन लक्षात आलं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार त्यांच्या हातात आला आणि १८६० च्या दशकात त्यांनी जिल्ह्याचं ठाणं बुलढाण्याला हलवलं. तसं पाहिलं तर मेहकर जुनं, देऊळगाव राजा जुनं, सिंदखेड राजा तर जिजाऊंचं गाव. बुलढाणा त्यांच्यापुढे एक खेडं होतं. पण समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर, आणि साहेबाला रात्री झोप येईल अशी हवा! एवढ्या एका कारणावर गावाचं नशीब पालटलं.

आता गंमत बघा. ज्या काळात साहेब मंडळी आपल्या देशात थंडी शोधत घाट चढत होती, त्याच काळात त्यांचीच जहाजं उष्ण देशांतले प्राणी उचलून थंडगार इंग्लंडला नेत होती. त्यात कासवंही होती. साहेबाला उन्हाळा सोसला नाही तर तो घाट चढू शकतो, पंखा ओढायला माणूस ठेवू शकतो. कासवाने थंडीत काय करायचं? गेले दोन-तीन वीकेंड मी याच प्रश्नाच्या मागे लागलो होतो, आणि जे सापडलं ते इतकं मजेशीर आणि थोडं त्रासदायक निघालं की लिहूनच काढतो.

सुरुवात आपल्या समजुतीपासून करू. आपल्या डोक्यातलं कासव दगडाचं असतं. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं, किंवा जेजुरीला आहे तसं भलंमोठं पितळी. त्यात भर संतसाहित्यातल्या कासवीची. ती म्हणे पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. कल्पना सुंदर आहे, वाद नाही. पण त्यातून आपला पक्का ग्रह झालाय की कासवाला काही लागत नाही. ऊन, पाऊस, उपास, सगळं चालतं.

प्रत्यक्षात कासव हा बाहेरच्या तापमानावर चालणारा प्राणी. आपलं शरीर आतून गरम राहतं, त्याचं राहत नाही. अन्न पचवायचं तर त्याला बाहेरून ऊब लागते. ऊब गेली की पोटातला पाला तसाच पडून सडतो. शिवाय कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे नीट खोकताही येत नाही. थंडीने छातीत कफ झाला तर तो तिथेच साठतो आणि न्यूमोनिया होतो. सहनशीलतेचं प्रतीक म्हणून ज्याला आपण देवळात बसवलं, तो बिचारा साधं खोकूही शकत नाही!

थंड देशातल्या पाळीव कासवाची सगळ्यात चांगली नोंद ठेवली ती गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने. गाव सेल्बोर्न, परगणा हॅम्पशायर. त्याच्या आत्याकडे ससेक्समधल्या रिंगमर गावी एक कासव होतं, भूमध्य समुद्राकडचं, वजनाने तीन किलोच्या आसपास. म्हणजे मोठं नाही, पण पुढचं सगळं समजायला याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. नोव्हेंबर लागला की हे महाशय बागेत जमीन उकरायला लागत. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्या पायांनी पाठीवरून टाकायची. वेग इतका कमी की व्हाइटला घड्याळाच्या तासकाट्याची आठवण झाली. मग पुरून घ्यायचं ते थेट एप्रिलच्या मध्यापर्यंत.

१७८० च्या मार्चमध्ये आत्या वारली आणि कासव वारसाहक्काने व्हाइटकडे आलं. (घर, दागिने, जमीन ठीक, कासवाची वाटणी मी पहिल्यांदाच वाचली.) त्याने ते झोपेतच उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैल नेलं. धक्क्यांनी ते जागं झालं. नव्या बागेत सोडल्यावर दोनदा टोकापर्यंत चालून आलं, संध्याकाळी गारठा पडला तसं पुन्हा मातीत शिरून झोपलं. नवीन ऑफिस, नवीन गाव, सामान अजून उघडलेलं नाही, आणि पठ्ठ्या सरळ झोपायला! पुढे व्हाइटने त्याच्यावर काय काय प्रयोग केले. कर्ण्यातून ओरडून बघितलं, ढिम्म. पाण्याच्या टबात सोडून बघितलं, तर ते तळाशी जाऊन गोंधळल्यासारखं चालू लागलं. एक प्रश्न मात्र त्याला खरोखर छळत होता. वर्षातला बहुतेक काळ जो झोपून काढतो त्या प्राण्याला देवाने इतकं आयुष्य कशाला दिलं?

मला वाटतं उत्तर त्याच्या वहीतच आहे. ते झोपत होतं म्हणूनच जगत होतं. भूमध्य समुद्राकडच्या कासवांना हिवाळी झोपेची सोय जन्मजात असते. आतडी रिकामी करायची, शरीर जवळजवळ बंद करायचं आणि जमिनीखाली दंव पोचणार नाही तिथे पडून राहायचं. अट एकच, मध्येच कुणी उकरायचं नाही. लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात आर्चबिशप लॉडचं कासव असंच शंभरावर वर्षं जगलं आणि सांगतात की १७५३ मध्ये एका माळ्याने ते भर थंडीत उकरून बाहेर ठेवल्यामुळे मेलं. व्हाइट १७९३ ला गेला, त्याचं कासव पुढच्या वर्षी. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तपासणीत कळलं की ‘टिमथी’ नाव लावलेलं ते कासव मादी होतं.

पण हे झालं तीन किलोच्या कासवाचं. भारी प्रकरण वेगळं आहे.

हिंदी महासागरातल्या आल्डाब्राची कासवं अडीचशे किलोपर्यंत जातात, पॅसिफिकमधल्या गालापागोसची त्याहून जास्त. जहाजवाल्यांना ही फार सोयीची. खायला न देता महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणजे फ्रिज नसलेल्या काळातलं ताजं मटण. हजारोंनी उचलली गेली, बेटंच्या बेटं रिकामी झाली. १८७४ मध्ये आल्डाब्राची तरी वाचवा म्हणून मॉरिशसच्या गव्हर्नरकडे अर्ज गेला, त्यावर सही करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन होता. याच डार्विनने १८३५ मध्ये गालापागोसवर कासवांवर बसून फेऱ्याही मारल्या होत्या आणि त्यांचं मटणही खाल्लं होतं. असो.

या महाकाय कासवांच्या मूळ मुलखात हिवाळाच नाही, त्यामुळे झोपेची सोय त्यांच्यात बसवलेलीच नाही. आता थोडं गणित. कासवाची लांबी दुप्पट झाली की अंगाचा पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणजे मोठं कासव हळूहळू गार होतं. एखाद्या गार रात्रीचं त्याला काही वाटत नाही, दगडी वाड्यासारखी दिवसभराची ऊब आत राहते. पण हीच गोष्ट उलटी फिरते. आठवडाभर गारठा पडला आणि ते आतपर्यंत गार झालं की पुन्हा गरम करणं महाकठीण. लहान कासव दिव्याखाली ठेवलं की तासाभरात तरतरीत होतं. अडीचशे किलोचं ठेवणार कुठे, आणि चार माणसांशिवाय उचलणार कोण? त्यात युरोपातली पद्धत काचेच्या उबदार घरांची. काचेतून ऊन दिसतं, पण त्यातले कवच आणि हाडांसाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. ‘ड’ जीवनसत्त्वाची भानगड विज्ञानाला १९२० च्या दशकात उमगली. तोवर उजेडात बसलेलं कासव एका अर्थाने अंधारातच असायचं.

म्हणजे थंड देशात मोठं कासव पाळणं हा मुळात इंधनाचा धंदा होता. कोळसा कोण भरणार आणि किती हिवाळे? म्हणून या इतिहासात गरिबाचं नाव सापडत नाही. सापडतो वॉल्टर रॉथ्सचाइल्ड, बँकवाल्या घराण्यातला, ट्रिंग गावचा. त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे: डोक्यावर हॅट, स्वारी कासवावर, आणि काठीला बांधलेलं पाल्याचं आमिष कासवाच्या तोंडासमोर. वाचताना मला हा माणूस आधी अजिबात आवडला नाही. मग कळलं की आल्डाब्रावरची कासवं सुरक्षित राहावीत म्हणून त्याने पुढे त्या बेटाचं भाडंही भरलं. आज आल्डाब्रावर लाखाच्या घरात कासवं आहेत. तेव्हा मी माझं मत निम्मं मागे घेतो :-)

थंडीची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र हॅरिएटची. २००६ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात ही गालापागोस मादी वारली, वय अंदाजे १७५. तिची कथा अशी की डार्विनने तिला बीगल जहाजावरून इंग्लंडला आणलं, तिथली थंडी तिला सोसेना, म्हणून बीगलवरचा अधिकारी जॉन विकहॅम तिला ब्रिस्बेनच्या उबेत घेऊन गेला. काय छान गोष्ट! पण तपासली की शिवण उसवते. तिची डीएनए चाचणी सांताक्रूझ बेटाकडे बोट दाखवते, आणि त्या बेटावर डार्विन उतरलाच नव्हता. विकहॅमही १८३७ पासून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचं सर्वेक्षण करत होता. आणि हो, हिलाही कित्येक वर्षं ‘हॅरी’ म्हणत होते. दोन शतकं जवळ बाळगूनही आपल्याला कासवाचं एवढंही कळलं नव्हतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये कोलकात्यात अलिपूर झूमधला ‘अद्वैत’ गेला. आल्डाब्रा कासव, वजन अडीचशे किलोच्या आसपास. तो रॉबर्ट क्लाइव्हचा होता आणि अडीचशे वर्षांचा होता असं सगळ्या पेपरांत आलं. सावध आकडा दीडशेच्या वरचा आहे, तोही काही कमी नाही. महत्त्वाचं हे की १८७५-७६ पासून तो एकाच झूमध्ये होता, आणि बंगालच्या हवेत त्याला कोळसा लागला नाही.

आता आजचं बोलू. अमेरिकेत ऑनसाइटला असताना मिनेसोटात एका सहकाऱ्याच्या परसात एक शेड बघितली. बाहेर उणे वीस, आत २६ अंश. भिंतींना जाड इन्सुलेशन, ऑइल हीटर, दोन थर्मोस्टॅट, कारण एक बिघडला तर दुसरा. वीज गेली तर जनरेटर. आमच्या सर्व्हरला एवढा बॅकअप नव्हता. आत चाळीस किलोचं सल्काटा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचं आफ्रिकन कासव. घेतलं तेव्हा ते मारी बिस्किटाएवढं होतं म्हणे, मुलीच्या वाढदिवसाला. मुलगी आता कॉलेजात, दुसऱ्या शहरात. त्याने हसत हसत सांगितलं की मृत्युपत्रात घरापेक्षा जास्त चर्चा कासवाची झाली. सेल्बोर्नची आत्या आठवली मला.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून द्यावं असं नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ‘शुभ असतं’ म्हणून किंवा ‘मेंटेनन्स नसतो’ म्हणून कासव ठेवणारे तुमच्याही ओळखीत असतील. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं तारा कासव घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. सल्काटासारखी विदेशी कासवं असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. पण कायदा बाजूला ठेवून साधं गणित करा. आपण अठ्ठावीसचे, सल्काटा सत्तर वर्षं सहज जगतं. आपल्या क्षेत्रात माणूस दोन वर्षांत कंपनी बदलतो आणि जाताना धड केटीसुद्धा देत नाही. बाकी बुलढाण्याच्या जानेवारीत, घाटावर पारा दहाच्या आसपास येतो त्या रात्री, गच्चीवरच्या टबात ठेवलेल्या आफ्रिकन कासवाला शेकोटी कोण करून देणार, हे विकणारा सांगत नाही.

शेवटी आमच्या जुन्या मालकांच्या गावी, हैदराबादला. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या नेहरू झूमधलं गालापागोस कासव वारलं. झूने वय १२५ सांगितलं. १९६३ मध्ये ते शहरातल्या बाग-ए-आममधून झूमध्ये आलं होतं. तेव्हा ते आंध्र प्रदेशचं होतं, २०१४ ला जागेवरून न हलता तेलंगणाचं झालं. त्याच्या त्या सव्वाशे वर्षांत आमचा बुलढाणाही असाच न हलता हातोहात फिरला: कागदोपत्री निजामाचा, १९०३ पासून मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा, मग मध्य प्रदेशचा, १९५६ ला मुंबई राज्याचा, १९६० ला महाराष्ट्राचा. आणि या सगळ्यात कुणी ना कुणी रोज सकाळी त्या कासवापुढे पाला टाकत होतं. त्याच्यासोबतचं दुसरं कासव तेव्हा ९५ वर्षांचं होतं.