सहाव्या जागेवरचे व्हॅलिन

रोगाच्या मुळाशी पेशींत आणि रेणूंत काय घडते, हे शिकायला आलेल्या नवख्या वाचकापुढे बहुतेक पुस्तके आधी पेशीची आकृती ठेवतात आणि मग तिच्या भागांची नावे. ती पाठ होईपर्यंत निम्म्यांचा उत्साह ओसरतो. इथे आपण दुसऱ्या दाराने आत जाऊ. एकच आजार घेऊ, सिकलसेल, आणि त्याचा माग काढत या शास्त्रात शिरू. निवडीला कारण आहे. ज्याला ‘रेणूचा आजार’ असे पहिल्यांदा म्हटले गेले तो हाच. आणि विदर्भातल्या कित्येक घरांत ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द सोयरीक जुळवतानाही निघतात.

या शास्त्राला दोन उगम आहेत. बर्लिनच्या रुडॉल्फ विर्चो यांनी 1858 साली दिलेल्या व्याख्यानांत रोगाचे घर पेशीत शोधायला सांगितले. लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी 1902 मध्ये लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरियाबद्दल लिहिले. हा दोष घराण्यातून येतो आणि शरीरातली एक रासायनिक पायरी अडल्यामुळे दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. एक सूक्ष्मदर्शकाचा माणूस, दुसरा रसायनाचा. दोन्ही प्रवाह पुढे बराच काळ एकमेकांना न भेटता वाहिले.

सिकलसेलचा पहिला अहवाल विर्चोंच्या वळणाचा. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 साली, ग्रेनाडा बेटावरून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी दिसल्याचे प्रसिद्ध केले. आकार दिसला, कारण नाही. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकतात आणि परत दिला की सरळ होतात. म्हणजे दोष अशा कशात तरी होता जे प्राणवायू धरते आणि सोडते. आज वाटते, हिमोग्लोबिनचे नाव तेव्हाच कुणी का घेतले नाही? पण प्रश्न सोपा दिसतो तो उत्तर कळल्यावर.

तो दुवा जुळायला 1945 उजाडले. रक्तविकारांचे जाणकार विल्यम कॅसल यांनी बोलता बोलता या पेशींची गोष्ट लायनस पॉलिंग यांच्या कानावर घातली. पॉलिंग रसायनाचे, त्यांना लगेच हिमोग्लोबिनचा संशय आला. प्रत्यक्ष काम मात्र हार्वी इटानो यांचे. त्यांनी सिंगर आणि वेल्स यांच्यासोबत निरोगी आणि रुग्ण माणसांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडले, तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार होते. 1949 चा हा निबंध पॉलिंग यांच्या नावाने ओळखला जातो. मला तो इटानोंचा वाटतो. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे पाडून ते कागदावर पसरले. सगळे ठिपके जुळले, एक सोडून. 1957 पर्यंत फरक सापडला होता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तिथे व्हॅलिन बसले आहे. जनुकाच्या लिपीत म्हटले तर ‘ए’च्या जागी ‘टी’.

बहुतेक पुस्तके इथे टाळ्या वाजवून थांबतात. माझ्या मते विषय इथून सुरू होतो. एक अमिनो आम्ल बदलले म्हणून माणसाचे गुडघे, पाठ, छाती असह्य का दुखावी? ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याला पाणी मानवते. व्हॅलिनवर भार नाही आणि ते पाण्यापासून लपायला जागा शोधते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर तशी एक खोबण उघडी पडते. व्हॅलिन तिच्यात जाऊन बसते. रेणूला रेणू चिकटत चौदा पदरांचा दोर तयार होतो आणि असे दोर पेशीला आतून ताणून वाकवतात. एका तांबड्या पेशीत सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिन रेणू असतात, तेव्हा दाटी काय असेल याचा अंदाज येईल.

तरीही प्रत्येक पेशी प्रत्येक फेरीत वाकत नाही. विल्यम ईटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये त्याचे उत्तर दिले. दोर वळायला सुरुवात होण्याआधी थोडा वेळ जातो, आणि तो हिमोग्लोबिनच्या तीव्रतेवर विलक्षण प्रमाणात, जवळजवळ तिसाव्या घाताने, अवलंबून असतो. पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदाभरात निसटते. दोर वळायच्या आत ती निसटली तर काही बिघडत नाही. पेशीतले पाणी जरा कमी झाले की मात्र हा वेळ झपाट्याने घटतो. विदर्भाच्या मे महिन्यात डॉक्टर रुग्णाला पाणी पीत राहा म्हणून बजावतात, त्यामागे हा घातांक आहे.

दुसरा धागा बाळांचा. जेनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये नोंदवले की नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फार कमी दिसतात. गर्भातले हिमोग्लोबिन त्यांना सांभाळते, कारण ते दोरात गुंफले जात नाही. कर्करोगावर वापरले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हेच गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते, आणि 1998 मध्ये अमेरिकेत ते प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी मान्य झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली मुलांवरची चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कमी मात्रेनेही वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज घटल्याचे दिसले. भारतीय रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच अधिक, म्हणून इथला आजार सौम्य, अशी समजूत होती. मध्य भारतातल्या बाळांचा जन्मापासून पाठपुरावा झाला तेव्हा ती डळमळली. बरीच मुले गंभीर आजारी पडत होती. सगळ्यांच्या सहाव्या जागी तेच व्हॅलिन, पण आजार सारखा नाही. पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला किती चिकटतात, पांढऱ्या पेशी किती खवळतात, संसर्ग किती होतात, यावरही पुढचे ठरते.

दोर वळण्यावरच तोड म्हणून आलेले व्हॉक्सेलोटॉर हे औषध मला फार शिकवणारे वाटते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडलाच नाही तर दोर वळणार नाहीत, हा त्यामागचा विचार. तर्क चोख होता. रक्तातले हिमोग्लोबिनचे आकडेही वाढले. 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले, कारण जमा झालेल्या माहितीत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण काळजी करण्यासारखे होते. ऊतींना प्राणवायू मिळायला हवा, आणि हिमोग्लोबिनचे काम तो धरून ठेवण्याबरोबर वेळेवर सोडण्याचेही आहे. इथे नेमके काय चुकले यावर अजून वाद आहे. दुसरीकडे, गर्भ-हिमोग्लोबिन दाबून ठेवणारी जनुकीय कळ रुग्णाच्याच मूळपेशींत कापून टाकणारा उपचार 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाला. अमेरिकेतली त्याची किंमत 22 लाख डॉलर. त्याच वर्षीच्या जुलैत आपल्या देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 चे उद्दिष्ट ठेवून. तिचा भर मात्र तपासणी आणि समुपदेशनावर आहे.

वाचकाला तयारी किती लागेल? बारावीचे रसायन आणि जीवशास्त्र पुरे. विसरले असेल तर प्रथिनांची घडी कशी पडते तेवढे आधी उजळून घ्यावे. घातांक आणि आलेख पहिल्या वाचनात सोडले तरी चालतील, पण ईटन यांच्या तिसाव्या घातापाशी एकदा परत यावे. कागद-पेन्सिल घेऊन, पेशीतले पाणी दहा टक्क्यांनी घटले तर दोर वळण्याआधीचा वेळ कितीपट कमी होतो, ते स्वतः करून पाहावे.